मोरदऱ्याचा आड

"हात कोरडे कर, मग ये. ओल्या हाताला भंडारा चिकटतो. चिकटला की सुटता सुटत नाही."

हे तात्यांचे शब्द. इतकी वर्षं झाली, तरी पहाटे देवापुढं बसले आणि भंडाऱ्याच्या वाटीकडं हात गेला, की आधी तो आवाज येतो आणि मग देवाचं नाव. मी पदराला हात पुसते. पुसलेले असले तरी पुन्हा पुसते.

त्या रविवारीही पुसले होते. नुकतीच रांगोळी संपवून मी रांजणापाशी हात धुतले होते. खंडोबाच्या पटांगणात, देवळाच्या पायरीपासून पार पिंपळाच्या कट्ट्यापर्यंत, आमचं अख्खं खोरं मी बायकांना हाताशी घेऊन जमिनीवर काढलं होतं. सगळ्यांत वर खिंडवाडीचा पाझर तलाव. तिथून निघणारा ओढा. ओढ्याच्या दोन्ही अंगांना गावं, मधोमध आमची सोनवडी, आणि शेवटी, जिथं ओढा डांबरी सडकेला भेटतो तिथं, मोरदरा.

काढायला सांगितलं होतं शर्वरी मॅडमनी. पुण्याच्या एका संस्थेतून आलेली पोरगी. केस आखूड, बोलणं मऊ, पायाला मात्र आमच्यासारख्या भेगा, कारण वर्षभर ती पाचही गावांतून पायी हिंडली होती. तिचं म्हणणं एकच. "तुमचं अंजीर एक, ओढा एक, पाऊस एक. मग प्रत्येक गावानं वेगवेगळं का मागायचं? पंधरा वर्षांनी हे खोरं कसं दिसावं, ते आधी सगळे मिळून डोळ्यांनी बघूया. कागदावर मग उतरवू."

लोकांना ते पटलं होतं. पिकलेलं अंजीर थांबत नाही, म्हणून व्यापाऱ्यापुढं आम्हालाही थांबता येत नव्हतं. सांगेल तो भाव घ्यायचा आणि घरी येऊन शेजारच्या गावच्या नावानं बोटं मोडायची, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं.

तर रांगोळीवर एकेकजण आपापलं स्वप्न मांडत होता. कुणी वीट ठेवली आणि म्हणाला, हे कॉलेज. कुणी काडेपेटी ठेवून दवाखाना केला. तात्या उठले, धोतराचा सोगा सावरत पार खाली मोरदऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथं काठीनं मोठा चौकोन आखला.

"ही आपली शेड," ते म्हणाले. "अंजीर इथं वाळणार, इथंच डब्यात भरणार. डब्यावर नाव खोऱ्याचं. कुठल्या एका गावाचं न्हाई."

टाळ्या पडल्या. माझ्याही अंगावर काटा आला. तात्या म्हणजे माझे थोरले दीर, यशवंत गिरमे. जाऊबाई गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. सगळा जीव अंजिराच्या झाडांत आणि गावात. पाच गावांत त्यांचा शब्द खाली पडत नव्हता. ती शेड पुढं झाली. आजही आहे. पत्रे उडालेत आणि आत शेळ्या बसतात.

सगळ्यांत शेवटी मोरदऱ्याची कोंडाबाई उठली. मोरदऱ्यात बाग कुणाचीच नाही, सगळा खडक. तिथली माणसं आमच्या बागांत तोडणीला यायची. शेडचा चौकोन त्यांच्याच गायरानावर आखला होता आणि त्यांनी तो मुकाट्यानं आखू दिला होता. कोंडाबाई बराच वेळ रांगोळीकडं बघत उभी राहिली. मग माझ्याजवळ वाकली.

"वैनी, निळी हाय का गं?"

मी निळ्या रांगोळीची पुडी दिली. तिनं शेडच्या चौकोनाला लागून एक लहानसं वर्तुळ काढलं. वर्तुळ अगदी गोल आलं.

"ह्यो आमचा आड."

खिंडवाडीचा बबन हसला. "म्हातारे, आड हायेच की तुझा! नवं कायतरी काढ. इमान काढ, इमान!"

"तुजं इमान तू काढ बाबा, आन बस त्यात," कोंडाबाई म्हणाली. "हाय त्ये ऱ्हाऊ दे. येवढंच माजं नवं."

लोक पोट धरून हसले. शर्वरी मॅडम मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आजचं सगळ्यांत महत्त्वाचं काम यांनी केलं." आणि मग तिनं सांगितलं, की पाच गावांचं भूगर्भातलं पाणी एकच आहे. वर कुणी बोअर मारली, तर खालचा आड आधी मरतो. म्हणून स्वप्न एक, तर अटही एक: खोऱ्यात नवी बोअर कुणी घ्यायची नाही. तलाव भरेपर्यंत, ओढा वाहता होईपर्यंत, आहे त्या पाण्यात भागवायचं.

कुजबुज झाली. तात्यांनी हात वर केला.

"अंजिराला आपण ताण देतो का न्हाई? पाऊस सरला की पाणी तोडतो. पानं गळतात, झाड मेल्यागत दिसतं. आन मग पाणी दिलं की फळानं लगडतं. तसा खोऱ्याला ताण द्यायचा. दोन-चार वर्सं. कुणाची छाती हाय?"

छाती सगळ्यांनीच दाखवली.

"एक विनंती आहे काका," शर्वरी मॅडम म्हणाली. "दरवर्षी आपण असेच बसू. काय जमलं नाही, ते मोकळेपणानं बोलू. एखादं ध्येय बदलावं लागलं तर बदलू. त्यात कमीपणा नाही."

तात्या हसले. रागानं नव्हे, लहान मुलीला हसावं तसं. "मॅडम, बदलायचं असंल तर ते ठरलं कसलं? तुमचा कागद बदलतो. आमी तळी उचलू. उचललेली तळी बदलत न्हाई."

आमच्याकडं खंडोबाची तळी ही शेवटची गोष्ट. ताम्हणात बेल, भंडारा, नारळ ठेवायचा, पाचजणांनी मिळून उचलायचं आणि येळकोट करायचा. त्यावर घेतलेला शब्द माणूस मेला तरी मोडत नाही. पाच गावचे पाच पुरुष पुढं झाले. शर्वरी मॅडम हळूच म्हणाली, "खोरं तर बायकांनी काढलंय."

पुरुष एकमेकांकडं बघू लागले. तळीला बाईचा हात आमच्याकडं कधी लागलेला नाही. तात्यांनी पटांगणभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. मी चार माणसांत कधी बोलत नाही. घरातही माझा आवाज स्वयंपाकघराबाहेर जात नाही. पण पहाटे उठून, कुणाशीही एक शब्द न बोलता, देवळात तांब्याभर पाणी घालून आल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम अख्ख्या गावाला ठाऊक.

"भामा, तू ये," तात्या म्हणाले. "सोनवडीचा हात तुझा. मी मागं उभा ऱ्हातो." आणि मग तेच, हात कोरडे करायचं.

मी हात पुसून ताम्हणाला लावले, तेव्हा गर्दीतून कोंडाबाईचा आवाज आला.

"आन कुनी मोडलं तर?"

असं तळीपुढं कुणी विचारत नाही. तात्यांनीच उत्तर दिलं, खणखणीत आवाजात, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

"मोडील त्याच्या घरचं मानूस देव्हाऱ्यातला कोटंबा घेऊन पाची गावांत वारी मागंल. अनवाणी. आन दारादारात आपल्या तोंडानं सांगंल, काय केलं ते."

कोटंबा म्हणजे वाघ्याचं लाकडी भिक्षापात्र. ज्या घरात खंडोबाचा नवस असतो, त्या घरच्या देव्हाऱ्यात तो असतो. आमच्या घरात सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचा आहे. वारी मागणं म्हणजे देवाच्या नावानं दारोदार पसाभर धान्य मागणं. एरवी ते नवसाचं, मानाचं मागणं. शिक्षा म्हणून ते कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"येळकोट येळकोट," तात्यांनी आरोळी दिली. भंडारा उधळला. रांगोळीचं खोरं पिवळं होऊन गेलं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. तलावाचा गाळ पाच गावांनी मिळून काढला. शेड उभी राहिली. मोरदऱ्याच्या बायका आमच्या बागेतून टोपल्या नेण्याऐवजी तिथं टेबलाशी उभ्या राहून अंजीर निवडू लागल्या. कोंडाबाईची सून पारू त्यांच्यात पुढं होती. हसरी, तोंडाची फाटकी. तात्या तपासायला गेले की म्हणायची, "तात्या, ह्ये अंजीर तुमच्यासारखं हाय. वरनं कडक, आत नुसता मऊ गोळा!" तात्यांना असं बोलायची हिंमत दुसऱ्या कुणाची नव्हती. ते मिशीत हसायचे. तिच्या हातून वाळवलेल्या अंजिराचा पहिला डबा त्यांनी देवापुढं ठेवला होता.

तिसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. ओढा वाहिलाच नाही. तलावात म्हशी बसतील एवढंच पाणी. आमची विहीर दिवाळीलाच तळाला गेली. मी देवाला तांब्याऐवजी पळीभर पाणी घालू लागले आणि रोज त्याची क्षमा मागू लागले.

शर्वरी मॅडम त्या वेळी दुसऱ्या तालुक्यात असायची. तरी ती धावत आली. ओसरीवर बसून तात्यांना म्हणाली, "काका, आता बसायला हवं. सगळ्या बागा वाचणार नाहीत. कुणाच्या वाचवायच्या, कुणाला भरपाई द्यायची, हे पाच गावांनी मिळून ठरवू. अट सैल करायची असेल तर उघड करू, मोजून-मापून."

"तळीवर कसं बसायचं, मॅडम?" तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा त्या महिन्यात निम्मा झाला होता. "मीच उचलायला लावली. आता मीच म्हनू, सैल करा?"

ती गेली. बैठक झाली नाही. इतर गावांतूनही कुणी मागितली नाही. जो तो आपापल्या बांधावर गप्प बसून होता.

त्या हिवाळ्यात खोऱ्यातल्या बागा एकामागून एक करड्या पडल्या. आमची मात्र हिरवी राहिली. तात्या सांगत, टँकर घेतलाय, टाकी भरून ठेवतो, झाडाच्या बुडाला पाचट टाकलंय. वरच्या बांधाला त्यांनी कडब्याची मोठी गंजी रचली होती. एवढ्या कडब्याचं काय करायचं, असं माझ्या मनात आलं. पण दुष्काळात वैरण साठवणाऱ्याला कोण विचारतं?

एकदा कोंडाबाई आली होती. मोरदऱ्याचा आड खाली खाली चालला होता. दोर पुरेना, म्हणून बायका आत उतरून वाटीनं पाणी भरत होत्या. ती बागेच्या कडेला उभी राहून पानांकडं बघत राहिली.

"तात्या, लई पानं हायेत की बागंला."

"देवाची कृपा," तात्या म्हणाले, आणि लगबगीनं घरात गेले.

मी तिला घागरभर पाणी दिलं. नको नको म्हणत तिनं ते डोक्यावर घेतलं.

पौषातल्या एका संध्याकाळी निरोप आला. पारू आडात उतरली होती. आतली दगडी बांधणी पाण्याविना सुकून सैल झाली होती. एका अंगाची भिंत तिच्यावर आली. बाहेर काढलं तेव्हा कमरेला वाटी खोचलेली तशीच होती.

सकाळी आम्ही गेलो. पाचही गावांतून माणसं आली होती. तात्या पुरुषांत उभे होते आणि रडत होते. खोटं रडत नव्हते, हे मी देवाशपथ सांगते. लाकडं त्यांनीच बैलगाडीतून आणली होती.

कोंडाबाई रडत नव्हती. पारूला नेल्यावर बायका उठू लागल्या, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"वैनी, तुमचा हात लागलाय तळीला."

"व्हय."

"मंग तुमी सांगा मला. कुनी मोडली? वरून कुनीतरी पानी वढलंया. पाऊस न्हवता तवा बी आड असा कदी आटला न्हवता. माजी सासू सांगायची, तिच्या सासूच्या बारीला बी न्हाई."

"मला ठाऊक नाही, कोंडाबाई."

"ठाव न्हाई ते दिसतंय की तोंडावर. पर ठाव झालं की सांगाल? मला दंड नगो. पंचायत नगो. पारू काय येनार न्हाई. पर कोन, ते मला कळू द्या. न्हाईतर मी पाच गावच्या परत्येक मानसाकडं असं बघत बसंन मरस्तवर."

"सांगीन," मी म्हणाले.

"भंडाऱ्याची आन?"

"भंडाऱ्याची आण."

घरी परतले. मयतीहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आम्ही उंबरा ओलांडत नाही. गोठ्यामागच्या न्हाणीत लुगड्यासकट बसले आणि नळ सोडला. टाकीचं पाणी पौषात सुरीसारखं लागतं. मी अंग आवळून घेतलं. नळातून आधी नुसती फुसफुस हवा आली. मग खोकल्यासारखा आवाज आला, आणि धार सुरू झाली.

धार कोमट होती.

मी डोक्यावर हात धरून तशीच बसले. पाणी तोंडावरून, पाठीवरून वाहत होतं. चुलीवरचं पाणी नव्हतं ते. टँकरचं नव्हतं, टाकीत साठलेलंही नव्हतं. थंडीच्या दिवसांत असं कोमट पाणी एकाच ठिकाणचं असतं, आत्ता, या क्षणी जमिनीच्या पोटातून वर आलेलं. आणि आमची विहीर तर दिवाळीपासून कोरडी होती.

लाइट नुकतीच आली असणार. वरच्या बांधाकडून घरघर ऐकू येत होती.

ओल्या लुगड्यानं मी तिकडं चालत गेले. कडब्याच्या गंजीला कान लावला. मग पेंढ्या उपसल्या. एक, मग दुसरी. आत बोअरचा केसिंग पाइप होता, त्यावर प्लॅस्टिक बांधलेलं, बाजूला लाइट आली की आपोआप सुरू होणारी पेटी, आणि टाकीकडं जाणारी, मातीत पुरलेली नळी. भोवताली राखाडी भुकटीचा थर, दगडाच्या पिठासारखा. मालक मसणवट्यात उभा होता आणि पंप आपलं काम करत होता.

माझे यजमान दत्तोबा, गुरांपायी घरी राहिलेले, गोठ्याच्या दाराशी आले होते. मी त्यांच्याकडं बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

ते बैलाच्या दाव्याशी चाळा करू लागले. "तात्या म्हनले, गप ऱ्हा."

तात्या आले तेव्हाही मी तिथंच होते. त्यांचे केस ओले, डोळे लाल. उपसलेल्या पेंढ्या बघून ते खालीच बसले.

"खिंडवाडीच्यांनी आधी घेतली," ते म्हणाले. "तलावाच्या अंगालाच. मला कळलं तवा आपल्या बागंची पानं वाळाया लागली हुती."

"मग पाच गावांना सांगायचं होतं, तात्या."

"कसं सांगू? त्या पोरीला हसलो मी. बदलू म्हनली, तर हसलो. तळी उचलून पुन्हा सैल करा म्हनायचं, त्यापरीस..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "झाडाला ताण किती द्यायचा, भामा? एक हद्द असती. त्यापुढं लाकूड हुतं. बापानं लावलेली झाडं हायेत ही."

"आणि आड?"

"टँकर लावनार हुतो मी त्यांना. बोललो हुतो वर, तालुक्याला."

"पारू वाटी खोचून उतरली होती."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पंपाची घरघर चालूच होती. मग ते म्हणाले, तोंड झाकूनच म्हणाले, "तेराव्याला पाची गावं जमतील. मी खिंडवाडीचं नाव घेनार. खोटं न्हाई ते. त्यांची बोअर हायेच."

"आणि आपली?"

"आपली कुनाला ठावं हाय?"

"मला," मी म्हणाले.

रात्री घरात चूल पेटली नाही.

पहाटे उठले. नेमाप्रमाणे मुकाट्यानं पळीभर पाणी घेऊन निघाले, तर तात्या ओसरीवर बसलेले. ते बोलू लागले. देवळातून येईपर्यंत मी बोलत नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून की काय, त्यांना बोलणं सोपं गेलं.

"कोंडाबाईला सांगशील तर काय हुईल, इचार कर. बबन आन त्याची मानसं म्हनतील, गिरम्यांनी मोडली, मंग आमी का पाळायची? शेड बंद पडंल. त्याच बायकांचं काम जाईल. पाच गावं फुटतील. पुन्हा एका पटांगनात बसायची न्हाईत. तुला रांगोळी आठवती का? येवढं मोठं स्वप्न एका मानसाच्या चुकीपायी पुसायचं?"

मी उभी राहून सगळं ऐकलं. मान खाली होती. त्यांना वाटलं असावं, मला पटलं.

देवळात गेले. पाणी घातलं. जिथं खोरं काढलं होतं त्या जमिनीवर आता नुसती धूळ होती. भंडाऱ्याचा पिवळेपणा फक्त दगडांच्या सांध्यांत उरला होता. देवाला काही विचारलं नाही. विचारायचं ते सगळं त्या रविवारी ठरलं होतं, आणि मोठ्यानं ठरलं होतं.

परत आले. तात्या तिथंच होते. दत्तोबांनी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला होता आणि ते चूळ भरत होते. मी सरळ देव्हाऱ्याशी गेले. कोटंबा खाली काढला, पुसला, भंडारा लावला. सासूबाई सांगायच्या, वारी मागायला निघालं की पहिलं दार आपलंच असतं. घरचा पसा पडल्याशिवाय बाहेर मागायचं नाही.

चपला दाराशी होत्या. तिथंच ठेवल्या. अंगणात उतरले, वळले आणि आमच्याच ओसरीपुढं कोटंबा धरून उभी राहिले. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द.

"खंडेरायाची वारी वाढा."

दत्तोबा आत सरकले. तात्या माझ्याकडं बघत राहिले. माझ्याकडं नव्हे, हातातल्या कोटंब्याकडं.

"भामा, घरात चल."

मी कोटंबा तसाच पुढं धरला.

"मी मागीन. तेरावं हुईस्तवर थांब, मी सोता जाईन."

"तुम्ही शब्द दिलात तात्या, तेव्हा ताम्हणाला हात माझा होता," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, स्वयंपाकघरापुरता. "पहिल्या दारी सांगायचं, ते सांगते. या घरानं तळी मोडली. वरच्या बांधाला कडब्याखाली बोअर घेतली. मोरदऱ्याचा आड आटला, आणि पारू गेली."

मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले. वाटलं, आत जातील आणि दार लावून घेतील. ते आत गेले. कणगीचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा मुठीत जोंधळे होते. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी मूठ कोटंब्यावर उघडली.

हात चुळीच्या पाण्यानं ओला होता. दाणे पडले, पण सगळे नाही. काही तळव्याला तसेच चिकटून राहिले. त्यांनी हात झटकला. पुन्हा झटकला.

मी कोटंबा पदराखाली घेतला आणि मोरदऱ्याची वाट धरली.